उंबरमाळ हलाल समिती

पाचगणी
दिनांक ३ फेब्रुवारी १९७४, रविवार, दुपारचे साडेचार

तीर्थस्वरूप दस्तगीरचाचा मुलाणी यांसी,
मु. उंबरमाळ, ता. आटपाडी, जि. सांगली

नानासो धुळा कोळेकर याचा शि. सा. नमस्कार.

आता मी वसतिगृहाच्या भांडारात अंडी दिव्यासमोर धरून तपासत होतो. अर्धी टोपली झाल्यावर लक्षात आले, की बराच वेळ मी एकच अंडे हातात धरून बसलो आहे. म्हणून ते बाजूला ठेवून पत्राला बसलो.

आमच्या शाळेत परदेशातली बारा मुले आहेत. त्यांचे वडील आफ्रिकेत मोंबासा या गावी व्यापार करतात. सगळी तुमच्या धर्माची. त्यांपैकी दोघांचे वडील हाजी गफूरभाई यांचे प्राचार्यसाहेबांना पत्र आले, की मुलांना वाढता ते मटण हलाल असल्याचा जाणत्या माणसाचा दाखला पाठवा. तोपर्यंत माझी मुले त्याला हात लावणार नाहीत. त्या दोघांनी हात आखडला, तसा बाकीच्या दहांनीही आखडला. बारा जण उकडलेली अंडी आणि जॅमपाव खाऊन राहिले आहेत. दाखला न आल्यास जूनपासून बाराही जण दुसऱ्या शाळेत जाणार.

साहेबांनी स्वयंपाकघरातल्या सगळ्यांना बोलावून विचारले, असला दाखला देतो कोण? मी नववी नापास, आठ महिन्यांचा हंगामी नोकर, मी बोलण्याचे कारण नव्हते. पण तोंडातून गेले, "साहेब, आमच्या गावात मुलाणी देतात." साहेब म्हणाले, "आणा. जूनमध्ये तुम्हाला कायम करू." आणला नाही तर काय, ते बोलले नाहीत. पण हेडक्लार्कने माझ्याकडे असे पाहिले, की ते मला कळले.

चाचा, खरे सांगतो, मटणात हलाल आणि दुसरे असे काही असते हेच मला माहीत नव्हते. आपल्या गावात बकरे म्हटले की तुम्ही आलातच. तुम्ही परगावी असलात आणि पाहुणे आले, तर आई पिठलेच करते. जगात सगळीकडे असेच असेल असे मी धरून चाललो होतो.

दाखला मीच सुवाच्य अक्षरात लिहून सोबत पाठवत आहे. फुली केली आहे तिथे सही करावी. शाई सुकल्यावर घडी घालावी.

आपला,
नानासो


उंबरमाळ
१० फेब्रुवारी

चिरंजीव नानाला दस्तगीर मुलाण्याचा आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. अक्षर मोत्यावानी हाय, डोळं निवलं. सही केली न्हाई.

आरं, मी पाचगणी बघितली न्हाई, तुझी शाळा बघितली न्हाई, बकरं बघितलं न्हाई. कापलंय कुणी, कंच्या सुरीनं, नाव कुणाचं घेतलं, कायबी ठावं न्हाई. आन् सही मी करू? उद्या म्हणशील, चाचा, हिकडं एक लगीन हाय, तितनंच अक्षता टाका.

मला कुणी दाखला दिलाय? बापानं सुरी दिली, धार लावाय शिकवली, नाव घ्यायला शिकवलं. म्हणला, जनावराला सुरी दावायची न्हाई, एकाम्होरं दुसरं कापायचं न्हाई, आन् खोटं बोलायचं न्हाई. ह्येवढंच आमचं कालेज.

पयलं मला सांग, तुमच्याकडं कापतंय कोण? बघ आन् कळीव. बघ म्हंजी सोताच्या डोळ्यानं बघ.

तुझी आई बरी हाय. पत्र तिला वाचून दावलं. ती इचारती, नुसत्या अंड्यावर पोरं कशी ऱ्हात्याल, त्यांच्या आया काय करत्यात?

दस्तगीर


पाचगणी
१८ फेब्रुवारी १९७४

ती. स्व. दस्तगीरचाचा यांसी,

गुरुवारी रजा काढून वाईला गेलो. मटणाचे कंत्राटदार हंबीरराव म्हणून आहेत. लष्करातून हवालदार होऊन निवृत्त झालेले. मिशी मोठी, आवाज त्याहून मोठा. मी म्हणालो, दाखल्यासाठी पाहायचे आहे. "बघा की! आमच्यात काय झाकून न्हाई." बकरे उभे केले, वरून एक घाव, आणि मान वेगळी. मी विचारले, "मुलाणी कुठे आहेत?"

"मुलाणी कशाला? ह्यो झटका! पलटणीत शिकलो. बकऱ्यालाबी कळत न्हाई, मेलो म्हणून."

चाचा, मी भिंत धरून खाली बसलो. त्यांना वाटले, रक्त बघून. मी धनगराचे पोर, मेंढरांत वाढलेले, रक्ताला काय भिईन? मी आठवत होतो. आठ महिने, दर बुधवारी आणि रविवारी, मी ते खाल्ले आहे. मागून घेऊन खाल्ले आहे. कोणी नाव न घेतलेले.

परत येताना पसरणीच्या घाटात उलटी झाली. त्या दिवसापासून मीही मटण सोडले. बारा मुले आणि तेरावा मी, असे आम्ही एका बाकावर अंडी सोलतो. हाजीसाहेबांचा थोरला अन्वर विचारतो, "स्टोअरवाले, तुमको क्या हुआ?" काय सांगू?

साहेबांना खरी गोष्ट सांगितली. ते म्हणाले, हंबीररावांचे कंत्राट मोडता येत नाही. "आधी कागद येऊ द्या. बकऱ्याचे मागाहून बघू."

माझी एक शंका आहे. जे पोटात गेले त्याला आपल्यात काय करतात? उपास चालेल, की आणखी काही लागते?

आपला,
नानासो

ता. क. कृपया हे पत्र आईला वाचून दाखवू नये.


उंबरमाळ
२६ फेब्रुवारी

चि. नाना,

आईला वाचून दावू नका म्हणतोस, पर त्ये शेवटाला लिवलंस. तवर वाचून झालं व्हतं. आन् वाचत हुतो मी देवळाच्या कट्ट्यावर, कारण घरात उजेड न्हाई. तवा आता समद्यांना ठावं हाय.

शेजारच्या बनुबाईनं डोळ्याला पदर लावला. तात्याबा गुरव म्हणला, पोरगं बाटलं. आप्पासो सरपंच म्हणलं, "तरी मी धुळाला सांगत हुतो, पोराला घाटावर पाठवू नगं."

आरं खुळ्या, तुला कसलं परायचित? ह्ये बंधन माझ्यावर हाय. तू काय कलमा पढलायस? तुझ्या कुठल्या देवानं सांगितलंय, झटक्याचं खाऊ नगं म्हणून? ह्येच मी कट्ट्यावर समजावाय गेलो, तर समदी माझ्यावर उठली. तात्याबा म्हणला, "मुलाणी, तुमी तुमचं शास्तर बघा. आमच्यात चालत न्हाई म्हंजी न्हाई." आता बोल. मी ह्यांच्यापक्षी सैल निघालो.

तुझी आई म्हणती, सात दिस सकाळी डोक्यावरनं गार पाणी घे. पाचगणीत थंडी हाय म्हणलं तर म्हणती, मग पाच दिस.

कागूद आत्ता मिळायचा न्हाई. वाईत मुलाणी काय कमी हायत? एखाद्याला लावा. मग मी यीन, बघीन आन् सही करीन. सायबाला सांग, बकरं आधी, कागूद मागनं.

दस्तगीर


पाचगणी
१५ मार्च १९७४

ती. स्व. दस्तगीरचाचा यांसी,

मोठा घोटाळा झाला आहे. पाच दिवस गार पाणी घेतले, त्याचा काही उपयोग झालेला दिसत नाही.

साहेबांनी मोंबासाला लिहायला घेतले आणि मला विचारले, दाखला देणाऱ्या संस्थेचे नाव काय? मी म्हणालो, संस्था नाही, एकटे चाचा आहेत. साहेब म्हणाले, "एकटा माणूस म्हणजे समितीच असते, कोळेकर. फक्त बैठक लवकर संपते." आणि त्यांनी टाइप करायला सांगितले, की दाखल्याचे काम 'उंबरमाळ हलाल समिती, जिल्हा सांगली' यांच्याकडे चालू आहे. मी तिथेच उभा होतो.

काल हाजीसाहेबांची तार आली. ते मुंबईला येत आहेत. रविवारी, ७ एप्रिलला, त्यांना समितीचे कार्यालय प्रत्यक्ष पाहायचे आहे. साहेब त्यांना शाळेच्या जीपने उंबरमाळला आणणार.

तार वाचताच मला आठवले, की हनुमान जयंतीचा दुसरा दिवस म्हणजे आपली म्हसोबाची जत्रा. हे मी साहेबांना अजून सांगितलेले नाही. ते फार खुशीत आहेत. म्हणाले, "एक दिवसापुरती समिती दिसली की झाले. टेबल, पाटी, शिक्का. तुमचे कायम होणे आता तुमच्या गावाच्या हातात."

चाचा, समितीला किती मुसलमान लागतात मला माहीत नाही. आपल्या गावात तुमचे एकच घर आहे. तरी काय जमेल ते पाहावे. जत्रेची बकरी शक्य झाल्यास त्या दिवशी टेकडीमागे न्यावीत. ढोल हळू वाजवावेत. तात्याबांनी कपाळाला काही लावू नये. आईला पुढे येऊ देऊ नये.

आपला,
नानासो


उंबरमाळ
२४ मार्च, पाडवा

चि. नाना,

समिती झाली. मी कायबी केलं न्हाई. तुझं पत्र वाचलं आन् सांजच्याला झाली.

अध्यक्ष आप्पासो, कारण त्ये म्हणलं, गावात आपल्याबिगर दुसरा अध्यक्ष कसा असंल. चिटणीस तात्याबा गुरव, कारण त्येला लिवाय येतं. बनुबाई सभासद, न्हाई घेतली तर रडती म्हणून. तुझी आई खजिनदार. खजिना न्हाई, पर तिला म्होरं येऊ देऊ नगं म्हणलास म्हणून हट्टानं झाली. समदी जागा भरल्यावर मला इचारलं, "मुलाणी, तुमाला काय पायजे?" म्हणलं, मला वगळा. आप्पासो म्हणलं, "आवं, एक तरी मुसलमान पायजे की!" तवा मला घेतलं.

पाटी रंगवाय दिलीया. टेबल शाळंचं. शिक्का दूध सोसायटीचा. आप्पासो म्हणत्यात, घाईत दाबला की वाचाय येत न्हाई.

बकरी टेकडीमागं न्यायची म्हणतोस. आरं, देव टेकडीम्होरं हाय. आन् ढोल हळू? तूच यून सांग धनगरांना.

सहीचं म्हणशील, तर मी न्हाई करणार. समितीत मी हाय, खोट्यात न्हाई. सायबाला आत्ताच सांगून ठेव.

दस्तगीर


पाचगणी
९ एप्रिल १९७४

ती. स्व. दस्तगीरचाचा यांसी,

तुमचे सहीचे म्हणणे मी साहेबांना सांगितले नाही. तीन वेळा त्यांच्या दाराशी गेलो आणि परत आलो. म्हटले, जीपमध्ये बसल्यावर वाटेत सांगू. रविवारी पहाटे आंघोळ करून जीपशेजारी उभा राहिलो, तर माझ्या जागेवर हेडक्लार्क बसला. म्हणाला, "एवढा मोठा माणूस येतोय, भांडारातला पोऱ्या कशाला?" जीप गेली. मी दिवसभर भांडारात बसून होतो.

जीप परत आली तेव्हा हाजीसाहेब तिच्यात नव्हते. ते साताऱ्याहून परस्पर पुण्याला गेले म्हणे. साहेब माझ्याकडे न बघता बंगल्यात गेले. त्यांच्या पांढऱ्या शर्टावर भंडारा सांडलेला होता, कपाळही पिवळे होते. हेडक्लार्कच्या हातात नारळ होता. मी विचारले, काय झाले? तो म्हणाला, "कोळेकर, तुझी आई भारी आहे हं," आणि निघून गेला.

आज दोन दिवस झाले. साहेब माझ्याशी बोललेले नाहीत. मी ट्रंक भरून ठेवली आहे.

चाचा, काय झाले? आईने काय केले? हाजीसाहेब काय म्हणाले? जे असेल ते लपवू नये.

आपला,
नानासो


उंबरमाळ
१३ एप्रिल

चि. नाना,

तुझी आई शेजारी बसलीया. म्हणती, समदं लिवा, माझं जास्त लिवा.

जीप आली ऐन दुपारी. हाजीसाब उतरलं. पांढरी दाढी, पांढरी शेरवानी, नजर लय तिखट. समितीनं फेटं बांधल्यालं. आप्पासोंनी हार घातला, तात्याबानं कपाळाला ठसठशीत गंध लावून रामराम केला, बनुबाईनं भाकरतुकडा ओवाळून टाकला. हाजीसाबांनी एकेकाकडं बघितलं आन् इचारलं, "इसमें मुसलमान कौन है?" समद्यांनी बोटं माझ्याकडं केली. आप्पासो म्हणलं, "हम बाकी सब मदतीला है."

मग तात्याबानं दाखला काढला. तुझंच वळण बघून लिवल्याला, शाळेचं नावबी घातल्यालं. आप्पासोंनी शिक्का मारला. घाईत मारायचा ठरलं व्हतं, पर माणसाला हुरूप आला. असा दाबला की अक्षर न् अक्षर उठलं. 'उंबरमाळ सहकारी दूध उत्पादक संस्था.' हाजीसाबांची शाळा मुंबईत झालीया आन् त्यास्नी मराठी वाचाय येतंय, ह्ये आमाला कुठं ठावं?

तुझा सायेब पाण्याचा तांब्या घेऊन उठला. हाजीसाबांनी त्येला बसवलं आन् मला इचारलं, "मुलाणीजी, यहाँ आपकी सही नहीं है." म्हणलं, न्हाई केली. "क्यों?" म्हणलं, मी शाळेचं बकरं बघितलं न्हाई. हेडक्लार्क खोकाय लागला. हाजीसाबांनी कागूद खाली ठेवला. मी म्हणलं, संपलं, नानाची नोकरी गेली.

तेवढ्यात मागनं बोंब उठली. "आवं मुलाणी, समिती फुरं करा की! बकरी उन्हात हायत, चुली पेटल्यात!" हाजीसाबांनी वळून बघितलं. निम्मा तालुका दाव्याला बकरं धरून उभा. त्यांनी इचारलं, "ये लोग खुद क्यों नहीं काटते?" त्ये बनुबाईला समजलं. ती म्हणली, "आगाबया! मुलाण्यानं नाव घेतल्याबिगर त्येचं मटण कसं हुईल? नुसतं मेल्यालं जनावर की त्ये!" मी त्यास्नी हिंदीत सांगितलं. तवा हाजीसाब पयल्यांदा खुर्चीत नीट बसलं.

मग मी उठलो. कामाला लागलो. त्ये मागं यून उभं ऱ्हायलं. सुरीची धार नखावर बघितली. मी नाव घेतलं त्ये कान दीऊन ऐकलं. हिकडं नाव घेतलं, तिकडं पब्लिकनं "चांगभलं!" केलं. हाजीसाब दचाकलं. म्हणलं, "बकरा किसके नाम का है?" आता ह्येला खोटं कशाला सांगू? म्हणलं, नवस म्हसोबाचा, सुरी अल्लाच्या नावाची, खाणार ह्यी मंडळी. माझ्या घरी काय शिजतंय त्ये माझं मी बघतो. त्यांनी डोळं मिटलं, दाढी वडली. म्हणलं, "ये मामला तुम जानो और तुम्हारा अल्ला जाने."

आता तुझी आई. तिला तवर कळलं, की बूटवाला त्यो शाळेचा सायेब. पदर खवसून गेली आन् म्हणली, "तुमीच व्हय माझ्या पोराला झटक्याचं खाऊ घातलंसा? कसलं शिकल्यालं तुमी? शिमग्याच्या आधीपास्नं माझं पोरगं अंड्यावर हाय! लावा ह्यो भंडारा आन् देवाम्होरं सांगा, पुन्यांदा घालणार न्हाई." सायबानं कपाळ म्होरं केलं. आईच्या मुठीत लय हुता, निम्मा शर्टावर गेला.

हाजीसाबांनी मला इचारलं, ही बाई कोण, काय म्हणती. मी समदं सांगितलं. तू वाईला गेलास, भिंत धरून बसलास, घाटात उलटी केलीस, गार पाणी घेतलंस. त्ये हसाय लागलं. डोळ्यात पाणी येस्तवर हसलं. मग डोळं पुसलं. म्हणलं, "मेरे बेटों ने महीनों खाया. न उन्होंने पूछा, न मैंने."

जीपमधी बसताना सायबाला म्हणलं, कागूद नगं. वाईतला मुलाणी लावा. आन् ह्ये त्यांचं शबुद जसंच्या तसं लिवतो: "जिस दिन आपका वो स्टोअरवाला मटन खाएगा, उस दिन मेरे बच्चे खाएँगे. वो नहीं खाएगा, तो नहीं खाएँगे."

तवा ट्रंक रिकामी कर. सायेब बोलत नसंल तर त्ये भंडाऱ्यामुळं. डाग जात न्हाई लवकर.

दस्तगीर


पाचगणी
२५ जुलै १९७४, गुरुवार

हे पत्र आईला वाचून दाखवू नये.

ती. स्व. दस्तगीरचाचा यांसी,

जूनपासून सगळे सुरळीत चालले होते. कंत्राट हंबीररावांकडेच आहे, पण कापायला वाईचे मुलाणी असतात. हंबीरराव म्हणतात, पलटणीतही असा पहारा नव्हता. बुधवारी आणि रविवारी पहाटेच्या एस.टी.ने मी वाईला जातो, समोर उभा राहतो, पाहतो, आणि मटण घेऊन वर येतो. दुपारी भोजनगृहात बारा मुलांच्या समोर माझे ताट मांडतात. मी पहिला घास घेतो. बारा जोड्या डोळे माझ्या तोंडाकडे असतात. मी गिळले, की मगच ते सुरू करतात. सुरुवातीला मला ठसका लागायचा, तेव्हा सगळे थांबायचे.

साहेबांनी माझ्या कायम होण्याचा हुकूम टाइप करून ठेवला आहे. म्हणाले, दोन-तीन महिने नीट गेले की सही करतो.

आणि शनिवारी श्रावण लागला.

मला हे आधी सुचायला हवे होते. रविवारी मी एस.टी. चुकल्याचे निमित्त केले, म्हणून मटणच आले नाही. काल बुधवारी काही निमित्त नव्हते. मी घेवड्याची भाजी वाढून घेतली. बाराही मुलांनी मटणाच्या वाट्या पुढे सरकवल्या. साहेब आले. मला हळूच म्हणाले, "कोळेकर, खा." मी म्हणालो, साहेब, श्रावण आहे. "एक फोड खा. सगळे पाहताहेत." मी म्हणालो, साहेब, आमच्यात चालत नाही. ते म्हणाले, "हुकूम माझ्या टेबलावर आहे. रविवारी तुम्ही काय खाता ते पाहून मी सही करीन, किंवा करणार नाही."

चाचा, एक फोड. मी ती कालपासून डोळ्यांसमोर बघतो आहे. खाल्ली तर नोकरी पक्की. खाल्ली तर कोणाला कळणार? तरी काय करू ते उलटटपाली कळवावे.

आपला,
नानासो


उंबरमाळ
२७ जुलै

चि. नाना,

एस.टी.च्या कंडक्टरच्या हाती पाठवतोय, म्हंजी उद्याच्या आत घावंल.

ह्या खेपंला वरच लिवलंस, ह्ये बरं केलंस. आई म्हणली, वरचं पयलं वाचा.

खा म्हणून मी सांगणार न्हाई, खाऊ नगं म्हणूनबी न्हाई. तुझा महिना, तुझं तोंड. पर पोरांना खरं काय त्ये सांग. बकरं चांगलं हाय, मी उभं ऱ्हाऊन बघितलंय, महिना माझा हाय म्हणावं. त्यांच्या बापानं कागूद टाकून तुझ्या ताटावर भरोसा ठेवलाय. ताटानं खोटं बोलायचं नसतंय.

आई म्हणती, खाल्लंस तर दिवाळीला घरी येऊ नगंस. आन् न्हाई खाल्लंस आन् नोकरी गेली, तर मेंढरं हायतच.

दस्तगीर


पाचगणी
२० ऑगस्ट १९७४, मंगळवार

ती. स्व. दस्तगीरचाचा यांसी,

तुमची चिठ्ठी रविवारी, वाढप सुरू असतानाच मिळाली. मी ताट घेऊन उभा राहिलो आणि बाराही मुलांना माझ्या मोडक्या हिंदीत सांगितले. मटण चांगले आहे, मी पाहून आणले आहे. मी खात नाही, कारण हा आमचा महिना आहे. तुम्ही बेलाशक खा.

मुलांनी आपसांत त्यांच्या भाषेत चर्चा केली. मग अन्वर म्हणाला, "अब्बा ने क्या बोला? आप खाएँगे तो हम खाएँगे. आपका महीना, तो हमारा भी महीना." मी हात जोडले. ऐकेनात. साहेब दारातून पाहत होते. ते तिथूनच मागे वळले. हुकुमावर सही झाली नाही.

मुले माझ्यावरच्या मायेने थांबली, असे मला आधी वाटले होते. सोमवारी कळले. श्रावण पाळणाऱ्यांच्या पंगतीला आचारी सोमवारी शिरा करतो आणि शुक्रवारी पुरणपोळी. अन्वरने ते आधीच आचाऱ्याला विचारून ठेवले होते. शुक्रवारी त्याने पाच पोळ्या खाल्ल्या.

मग बाकीची मुले चिडली. यांनाच का? पुढच्या आठवड्यात मुंबईची मराठी मुले आली. म्हणाली, आमच्याही घरी पाळतात. त्यानंतर दोन पारशी आले. जन्माष्टमीपर्यंत निम्मे भोजनगृह श्रावणाच्या बाजूला बसू लागले होते. श्रावणातल्या शेवटच्या बुधवारी मटणाच्या बाजूला हेडक्लार्क एकटा बसला होता.

हंबीरराव घाट चढून भांडायला आले. "आधी मुलाणी लावलासा, आता बकरंच बंद केलंसा! कोळेकर, तुमी हाय तरी कोण?"

श्रावण संपला आणि काल साहेबांनी बोलावले. मी ट्रंक भरूनच गेलो होतो. ती दाराबाहेर ठेवली. हेडक्लार्क महिन्याच्या खर्चाचा तक्ता घेऊन शेजारी उभा होता. साहेब तक्ता वाचत होते. पान उलटले, पुन्हा आधीच्या पानावर आले. मी म्हणालो, साहेब, जे झाले ते माझ्यामुळे झाले, मुलांना काही बोलू नये. साहेबांनी हात वर करून मला गप्प केले. हेडक्लार्कला म्हणाले, "मटणाचा खर्च एवढाच? निम्म्याहून कमी?" हेडक्लार्क म्हणाला, हो साहेब, शिरा-पोळी धरूनसुद्धा.

साहेबांनी खणातून माझा हुकूम काढला, सही केली, शाई टिपली आणि माझ्या हातात दिला. मी कायम झालो, चाचा. आईला वाचून दाखवावे, हे मोठ्याने वाचावे.

मी नमस्कार करून दारापर्यंत आलो, तेव्हा साहेबांनी मागून हाक मारली. आवाज इतका मऊ होता, की मी दुसऱ्याच कोणाचा समजलो.

"कोळेकर, तुमच्यात असे आणखी किती महिने असतात?"

पाहून सांगतो, असे म्हणून मी बाहेर आलो. चातुर्मास अजून बराच उरला आहे आणि यंदा अधिक महिनाही आला आहे. काय आणि किती सांगावे, ते तात्याबा गुरवांना विचारून कळवावे.

आपला,
नानासो